भाग दुसरा : इंधन

पहिल्या भागात आम्ही जग वाचवलं.
तुम्हाला ठाऊक नसेल तर आत्या सांगेल.
काराशोकी गावात तिने ज्याला अजून सांगितलेलं नाही
असा एक बहिरा उंट तेवढा शिल्लक आहे.

त्यानंतरचं कुणी विचारत नाही.
झगा धुवायला पडला, लाल मोज्यासोबत,
आणि विश्वरक्षक मिर्झाखान, म्हणजे बाबा,
चार वर्षं गुलाबी झग्यात मेंढरं राखताहेत.
आईची पोलादी मूठ
तीन गावांच्या घट्ट बसलेल्या बरण्या उघडते.
तोल्गनाय आत्या काळ थांबवते,
पण सामोवारमधलं पाणी उकळेपर्यंतच.
काळच थांबला तर पाणी उकळतं कसं,
हे तिला विचारायची सोय नाही.
मला उडता येतं. जमिनीपासून वीतभर.
चिखलात बरं पडतं.

बेकझातला काहीच येत नाही.
तो शेजारचा. जेवायला येतो.

रविवारी रेडिओ खरखरला.
गुरूच्या चौथ्या चंद्रामागून तोच आवाज,
ज्याने सूर्य पिशवीत घालून पळवला होता
(गाठ सैल राहिली, म्हणून आपण आहोत),
महाक्रूर ओर्मोख :
"सर्दी झालीये. तिन्ही रोबो सोडून गेले.
कुणाला सूप येतं का करता?"

बाबा म्हणाले, सापळा आहे.
आई म्हणाली, सापळ्याचं नाक असं वाजत नाही.

आमचं यान म्हणजे माळावर पडलेली रॉकेटची टाकी.
आत मेंढरांचा वास, पुढे काच.
ते भांडणावर चालतं.
शब्दाने शब्द वाढला की वेग वाढतो.
आत्याच्या लग्नातल्या घोड्यावर आम्ही मंगळ गाठला :
कुणी विकला, कितीला, कुणाला न विचारता.
लघुग्रहांची सगळी गर्दी पार झाली
आईच्या एकाच वाक्यावर, "मी काही बोलतच नाही."

मग बाबांनी काचेतून पृथ्वी पाहिली,
वाळवलेल्या दह्याच्या गोळीएवढी,
आणि म्हणाले, "घोडा मीच विकला. चुकलं माझं."
आत्या रडली. आईने दोघांच्या हातावर
घरचे गरम बौरसाक ठेवले.
इंजिन बंद.

काळोख. एवढा समेट आमच्यात कधी झाला नव्हता.
"तू घे", "नाही गं, तू घे" करत तरंगत राहिलो.
प्राणवायू तासाभराचा.
भांडायचं ठरवून भांडून पाहिलं,
तर आत्याला हसू आलं.

बेकझातने आवंढा गिळला.
"बौरसाक," तो म्हणाला,
"बसस्टँडवरचे जास्त खुसखुशीत असतात."

आईने पुन्हा श्वास घेतला
तोवर गुरूचे तीन चंद्र मागे पडले होते.
बेकझात खिडकीकडे तोंड करून बसला.
आईच्या बौरसाकसाठी तो
शाळा बुडवून आमच्याकडे येतो.

ओर्मोख पायजम्यात होता.
विनाशकिरणाच्या नळीवर रुमाल वाळत घातलेले, ब्याऐंशी.
तीन वाट्या सूप प्याला, चौथी पुढे केली,
म्हणाला, "मीठ कमी आहे."
बाहेर उभं असलेलं यान आपसूक गुरगुरलं.
आईने एकदा यानाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.
"उठा," ती म्हणाली. "मागे बसा. पाय पुसून."

जागा पाच, माणसं सहा.
माझी जागा त्याला दिली
आणि अख्खी सूर्यमाला वीतभर तरंगत आले.
वाटेत तो बाबांना म्हणाला, गुलाबी तुम्हाला शोभत नाही.
त्यावर इतका वेग आला
की गाव मागे राहिलं
आणि आम्ही धप्पकन उतरलो
थेट त्या बहिऱ्या उंटापुढे.

आत्याने बाह्या सरसावल्या.
"तर पहिल्या भागात," ती उंटाला म्हणाली,
"या मेल्याने सूर्य पळवला, पण गाठ राहिली सैल..."

"राहिली नव्हती," ओर्मोख नाक पुसत म्हणाला.
"मीच सैल बांधली होती."

कुणीच काही बोललं नाही.
उंट चघळत राहिला.